परीक्षेपुरतं दुखणं

भावसिंग रशियातून डॉक्टर होऊन परत आला, तेव्हा तांड्यानं त्याला नंगारा वाजवत घरापर्यंत आणला होता. मारेगावच्या पलीकडे टेकडीच्या पोटाशी वसलेल्या त्या बंजारा तांड्यातून वणीच्या पुढं शिकायला गेलेला तो पहिलाच. रशियाचं सरकार गरीब देशांतल्या पोरांना फुकटात डॉक्टर करतं, हे वणीच्या शाळेतल्या मास्तरांना कुठून तरी कळलं. त्यांनीच अर्ज भरला, आणि शंकरसिंगाचा पोरगा बर्फाच्या मुलखात कितीतरी वर्षं राहून आला.

नंगारा थांबला, पाहुणे जेवून गेले, आणि मग हळूहळू कळलं की पोरगा अजून डॉक्टर झालेलाच नाही.

तिकडची पदवी इकडे तशीच चालत नव्हती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात परीक्षकांसमोर जायचं, समोर दिलेला रोगी तपासायचा, त्याला काय झालं आहे ते सांगायचं. ते बरोबर निघालं तरच इथं औषध द्यायची परवानगी. भावसिंग गेला आणि नापास होऊन आला. त्याला एक सुकलेली बाई तपासायला दिली होती. त्यानं तिच्या छातीला नळी लावली, ऐकलं, आणि फुप्फुस बिघडलं आहे, हृदय ठीक आहे, असं सांगितलं. फुप्फुस ठीक होतं. बिघाड हृदयात होता.

"आणखी एकदा या," परीक्षक म्हणाले होते. "पण त्यानंतर नाही."

हे त्यानं आईला चुलीपुढं बसून सांगितलं. हंसाबाई भाकर थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकर एका अंगानं जाड झाली.

"तुले ऐकू नाई आलं म्हंजे काय नाई आलं?" तिनं विचारलं.

"नीट दिल असलं तर सरळ ठोके देते, याडी. बिघडलं असलं तर ठोक्याच्या मधात घरघर येते. लय बारीक. तिकडं शेवटी मी हाडाच्या दवाखान्यात होतो. तसं दिल ऐकून जमाना झाला. कान विसरला."

"मंग ऐक. कान पुन्हा धरन."

"कोनाचं ऐकू? आजारी दिल पायजे त्याले. ते काय मारेगावच्या बाजारात भेटते?"

हंसाबाईनं भाकर तव्यावर टाकली आणि ओढणी छातीवर सारखी केली. तिचं दिल आजारी होतं. साऱ्या तांड्यात ते एकट्या तिलाच ठाऊक होतं.

आदल्या हंगामात कापूस वेचताना तिला खोकला आला आणि थुंकीत रक्ताची रेघ दिसली. ती बाजाराचं निमित्त करून मारेगावच्या दवाखान्यात गेली. तिथल्या नर्स विमलताईंनी तिला डॉक्टरांपुढं बसवलं. डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. हृदयाचं एक दार आवळत चाललं आहे म्हणाले, नागपूरला जा, तिथून मुंबईला पाठवतील. विमलताई तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या.

"घरी सांगा हो बाई," त्या म्हणाल्या. "हे अंगावर काढायचं दुखणं नाही."

"माहा पोरगा येऊन राह्यला डॉक्टर होऊन," हंसाबाई म्हणाली. "तो आला का त्याच्याच हातानं करीन काय ते."

पोरगा आला तो असा, अर्धा. आता त्याला सांगितलं तर तो सगळं टाकून तिला मुंबईला घेऊन पळेल, मधल्या मधे परीक्षेची तारीख निघून जाईल, आणि पुन्हा कोणी त्याला बोलावणार नाही. साऱ्या तांड्यानं डोक्यावर घेतलेला पोरगा औषधाच्या दुकानात पुड्या बांधत बसेल. हंसाबाईनं मनाशी ठरवलं, परीक्षा होईस्तोवर तोंड उघडायचं नाही. पाण्याचा गुंड घेऊन येताना दम लागला की ती वाटेत खाली बसायची आणि पायात काटा रुतला म्हणायची. रात्री भिंतीला टेकून झोपायची आणि उकडतं म्हणायची. भावसिंग म्हणायचा, याडी, चपला घालत जा.

पण पोराचा कान तयार व्हायला पाहिजे होता. म्हणून ती तांड्याच्या नायकाकडे, हिरासिंगाकडे गेली. तांड्यातल्या माणसांनी रोगी व्हावं, पोरानं तपासावं, असं तिनं मागितलं. नायकाला ते पटलं. त्याच्याच अंगणात, लिंबाखाली, रोज सकाळी हा खेळ सुरू झाला.

पहिल्या दिवशी जमनी नावाची बाई आली. ती बाजेवर बसली आणि तिनं मुकाट्यानं हात पुढं केला.

"काय होते, मावशी?" भावसिंगानं विचारलं.

जमनी बोलेना.

"मावशी, सांगशीन तर कळन ना."

"मीच सांगाव तर तू डॉक्टर कायचा?" जमनी म्हणाली. "धनजचा वैद्य नाडी पाह्यते अन् रात्री काय खाल्लं तेही सांगते. तुले रशियात इतकं नाई शिकवलं?"

अंगणात हशा पिकला. भावसिंगही हसला, पण हंसाबाई हसली नाही. नागपूरला रोगी असाच हात पुढं करून गप्प बसला तर, असं तिच्या मनात आलं. त्या दिवसापासून भावसिंग आधी नाडी धरायचा, मग पिकापाण्याचं विचारायचा, आणि बोलता बोलता दुखण्यावर यायचा. हे त्याला जमू लागलं. पोट चेपायला जमलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहायला जमलं. दिल मात्र अडून बसलं. बाया जीभ दाखवत, हात दाखवत, पण नळी छातीवरच्या काचळीकडं वळली की ओढणी आडवी येई. पुरुष छाती उघडी करून बसत, पण सगळ्यांची दिलं ठणठणीत. भावसिंग ऐकायचा आणि मान हलवायचा. नीट दिलंच ऐकत बसलो तर मी पुन्हा नापास होईन, म्हणायचा.

एका सकाळी त्याचा चुलतभाऊ रामसिंग बाजेवर येऊन बसला. भावसिंगानं नळी लावली आणि डोळे मिटले. त्याचा चेहरा बदलला. हंसाबाई कणगीपाशी उभी होती, ती पुढं आली.

"कवापासून होऊन राह्यलं हे तुले?" भावसिंगानं विचारलं.

"आताच."

"आताच म्हंजे?"

"तुले बिघडेल दिल पायजे होतं ना," रामसिंग म्हणाला. "म्हनून टेकडीवर पळत गेलतो अन् पळतच आलो. म्हटलं, जरासं बिघडवून नेऊ."

नायक हसून हसून खोकला. भावसिंगानं नळी गळ्यात टाकली आणि तो उठून गेला. रामसिंगाला काय चुकलं ते कळलं नाही. एवढी टेकडी कोणासाठी चढलो, असं तो दिवसभर विचारत होता.

पुढचा घोटाळा मोठा झाला. परीक्षेत नुसतं ऐकून भागत नाही, पुढं काय होईल तेही सांगावं लागतं. भावसिंगानं नायकालाच रोगी केलं. तुम्हाला हृदयाचं दुखणं आहे असं समजा, म्हणाला. नायक खुशीत बाजेवर आडवा झाला. सगळे म्हणाले, आम्हाला समजेल असं सांग. भावसिंग उभा राहिला आणि परीक्षकांपुढं बोलावं तसं धडाधड बोलला. या माणसाच्या हृदयाचं दार खराब झालं आहे, पायावर सूज येईल, छातीत पाणी भरेल, आणि इलाज झाला नाही तर हा माणूस दोन वर्षांत मरेल.

नायकाची बायको सोनीबाई घरातून मीठ आणि मिरच्या घेऊन आली, नवऱ्यावरून ओवाळून तिनं त्या चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका साऱ्या अंगणात पसरला.

"जित्या मानसावर मरन बोलते का कोनी?" ती म्हणाली.

"मावशी, हे खोटं खोटं होतं."

"तोंडातून तर खरंच निंगालं ना?"

नायक उठून बसला. तो रागावला नव्हता, पण त्याचा आवाज उतरला होता. "भावसिंग, तू व्हय डॉक्टर. पन आमच्या जिवावर नको होऊ. बोलेल लागते, बेटा. आपल्यात बोलेल लागते."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भावसिंग दिसला की बाया लेकरांना आत ओढू लागल्या.

तारीख तर जवळ आली होती. भावसिंग जेवणावर बसायचा आणि तसाच उठायचा. आईकडं तो अधूनमधून नळी घेऊन यायचा, पण तिचं दुखणं दर वेळी दुसरीकडंच निघायचं. कधी गुडघा, कधी कान, कधी दाढ. छातीचं नाव काढलं की ती म्हणायची, म्हाताऱ्या बाईचं काय ऐकतं, जाय, वासरू सोड.

एक दिवस सकाळी ती गोठ्यात शेण काढायला गेली, तर भावसिंग बैलाच्या पुढच्या पायामागं वाकून नळी लावून बसलेला.

"हे काय?" तिनं विचारलं.

"याचंही नीटच हाय," तो म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही.

हंसाबाई शेणाची पाटी तिथंच ठेवून घरात आली. पोराला जे पाहिजे ते आपल्या छातीत आहे, आणि ते आपण काखेत धरून बसलो आहोत. तो पास व्हावा म्हणून आपण गप्प राहिलो, आणि आपण गप्प राहिलो म्हणूनच तो नापास होणार. हे तिला कळत नव्हतं असं नाही, बरेच दिवस कळत होतं. पण त्यात एक दुसरीही गोष्ट होती, ती तिनं आजवर स्वतःशीही धड कबूल केली नव्हती. त्यानं ऐकलं तर त्याला पुढचंही बोलावं लागणार, नायकावर बोलला तसंच. आणि नायकावर बोलला ते खोटं होतं. बोलेल लागते, तोंडातून निघालेलं खरं होतं, हे हंसाबाईही लहानपणापासून ऐकत आली होती.

शंकरसिंग शेतात गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि पोराला हाक मारली.

"नळी आन."

"आज कोनतं दुखते? गुडघा का कान?" भावसिंग हसत म्हणाला.

"आज परीक्षा. मीच रोगी अन् मीच परीक्षक. ऐकशीन ते सांगाचं. मधात उठाचं नाई, अन् याडी म्हनाचं नाई."

ती बाजेवर आडवी झाली. त्यानं नळी लावली. त्याच्या ओठांवर अजून हसू होतं. हंसाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. हसू आधी गेलं नाही, आधी डोळे मिटले. मग हसू तसंच ओठांवर राहिलं आणि त्यात काही उरलं नाही. त्यानं नळी थोडी सरकवली. पुन्हा सरकवली.

"डाव्या कुशीवर व्हय," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

ती वळली. आता तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं, भिंत दिसत होती. बाहेर कोंबडी कोकलत होती. तो इतका वेळ ऐकत राहिला की तिचा हात बधिर झाला. शेवटी नळी निघाली.

"याडी..."

"रोगी."

"याडी, कवापासून?"

"परीक्षक वाट पाहून राह्यले. बोल."

तो उठला. "बाबाले बलावतो. आताच्या आता नागपूरले..."

हंसाबाईनं उठून त्याचं मनगट धरलं. तिला दम लागला, पण तिनं तो लपवला नाही. "आयक. तू आता ह्या दारातून गेला तर मी नागपूरले येत नाई, मुंबईलेही येत नाई. मले बांधून नेशीन का? माहा इलाज तुह्या परीक्षेच्या मांगं उभा हाय. पह्यले ते. बस खाली."

तो बसला. जमिनीकडे पाहत बोलू लागला. "ह्या बाईच्या गालावर काळपट लाली हाय. दिलाचा पह्यला ठोका आपटल्यावानी येते. मंग मधात घरघर हाय, दूरच्या घरी जातं फिरते तशी." तो थांबला. "लहानपनी सांधे सुजून ताप आलता?"

"आलता. लगनाच्या आधी. महिनाभर निजून होती मी."

"दम लागते?"

"लागते."

"रक्त पडते?"

"रेघ येते. रोज नाई."

त्यानं दुखण्याचं नाव सांगितलं, ते तिला कळलं नाही. पण ते सांगताना त्याचा आवाज सरळ झाला, हे तिला कळलं. या वेळी त्याला शंका नव्हती.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय?"

"ते इचारतीन ना, पुढं ह्या बाईचं काय होईन?"

भावसिंग नळी हाताभोवती गुंडाळत राहिला. आता नको म्हणावं, इथंच थांब म्हणावं, असं हंसाबाईच्या अगदी ओठांवर आलं. तिनं बाजेचा काठ धरला.

"बोल, बेटा."

"काहीच केलं नाई," तो म्हणाला, "तर दोन-चार वर्सं. कमीही. एखाद्या दिवशी छातीत पानी भरन, अन् मरन."

बोलून झालं. हंसाबाई वाट पाहत राहिली. चुलीवरची डाळ उतू गेली आणि निखारे फसफसले. दुसरं काही झालं नाही.

"अन् केलं तर?"

"मुंबईले छाती उघडतात. डॉक्टर दिलात बोट घालते अन् आवळेल दार मोकळं करते. बरेच लोक जगतात."

"बरेच. सगळे नाई."

"सगळे नाई."

"हे बरं केलं," हंसाबाई म्हणाली. "सगळे म्हनला असता तर मी तुले नापास करत होती."

मग भावसिंगानं तोंड झाकून घेतलं. इतके दिवस मी ह्याच घरात आहे, रोज तुझ्या हातचं खातो, आणि मला दिसलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. तिनं त्याला रडू दिलं. डाळ उतरवून ठेवली आणि मग म्हणाली, "तू पोरगा म्हनून पाह्यत होता. पोराले नसते दिसत. उद्यापासून डॉक्टर म्हनून पाह्य."

संध्याकाळी त्यानं बापाला सांगितलं. शंकरसिंगानं बायकोला एकच विचारलं, "मले काहून नाई सांगतलं?" दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा गुंड शंकरसिंगाच्या खांद्यावर आला. तांड्यात पुरुषानं पाणी आणणं म्हणजे हसण्याचीच गोष्ट. रामसिंग हसला, आणि शंकरसिंगाच्या तोंडाकडे पाहून गप्प झाला.

तारखेपर्यंत भावसिंगानं रोज आईचं दिल ऐकलं. ती बसली असताना, चार पावलं चालून आली असताना, बाहेर पोरं कल्ला करत असताना. शेवटी शेवटी त्याला ती घरघर नळी लावताक्षणी सापडायची. सापडली की तो मान हलवायचा, आणि दोघंही एकमेकांकडं पाहायचं टाळायची.

तिघंही एस.टी.नं नागपूरला गेली. परीक्षा आधी, मग तिचा दवाखाना, हे बोलणं पक्कं झालं होतं. भावसिंग आत गेला. हंसाबाई आणि शंकरसिंग व्हरांड्यात भिंतीशी बसली. आतून पांढऱ्या कोटातले लोक यायचे, जायचे. प्रत्येक दाराचा आवाज झाला की हंसाबाईची मान वर व्हायची. शंकरसिंगानं भाकर सोडली, तिनं खाल्ली नाही. त्यानंही परत बांधून ठेवली.

भावसिंग आला तेव्हा ऊन व्हरांड्यातून उतरून गेलं होतं. तो हळू चालत होता. हंसाबाई उठली नाही.

"घरघर होती का?" तिनं विचारलं.

"नाई, याडी."

"नाई म्हंजे? ऐकू नाई आली?"

"दिल नीटच होतं त्याचं. एक म्हातारा होता, भंडाऱ्याकडचा. त्याच्या पोटातली तिल्ली वाढेल होती. इतकी मोठी, बेंबीपर्यंत."

"तिल्ली?"

"हो."

हंसाबाई त्याच्याकडं पाहत राहिली. "मंग इतके दिवस माहं दिल कायले ऐकत बसला तू? जमनीचं पोट चेपलं असतं तरी भागत होतं."

शंकरसिंगाला हसू आलं. भावसिंगालाही आलं, आणि त्या हसण्यातच तो म्हणाला, "पास केलं. त्यायनं दिलही ऐकाले लावलं मले. मी म्हटलं, नीट हाय. खातरीनं म्हटलं. मंग म्हाताऱ्यानं मलेच इचारलं, बाबू, मी बरा होईन का? परीक्षक पाह्यत होते. मी त्याच्याजवळ बसलो अन् सांगतलं."

"खरं?"

"खरं."

पोरगा डॉक्टर झाला होता. हंसाबाई कितीतरी दिवस याच एका गोष्टीची वाट पाहत होती, आणि आता ती झाली होती, आणि वाट पाहायला काही राहिलं नव्हतं.

"मंग आता तूच कर माहा इलाज," ती म्हणाली.

"माह्याच्यानं नाई होनार ते. मोठ्या डॉक्टरशी बोलून आलो मी. ते आताच पाह्यतो म्हनले."

व्हरांड्याच्या टोकाचं दार उघडलं आणि आतून बाईनं नाव पुकारलं. हंसाबाई शंकरसिंग. शंकरसिंग लगबगीनं उठला. हंसाबाई बसूनच राहिली. परीक्षा पुढं होती तोवर भीती सगळी परीक्षेच्याच नावावर ठेवता येत होती. आता परीक्षा पुढून हटली होती आणि मागं एकच दार उरलं होतं. त्या दारातून आत जायचं तर तिलाच जायचं होतं. आतून पुन्हा नाव पुकारलं.

"तू संग येशीन ना?" तिनं पोराला विचारलं.

"येतो ना," भावसिंग म्हणाला, आणि त्यानं खाली वाकून तिला उठवलं.